चोरकप्पा आणि हाकोनेची पेटी

रामपायलीच्या आमच्या घरी आजीची एक सागवानी पेटी होती. लांबीला हातभर, रुंदीला वीतभर. झाकण उघडले की आतल्या बाजूला आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी यांचे खण. आणि या खणांच्या खाली कुठेतरी चोरकप्पा. चोरकप्पा आहे हे घरात लहानथोर सर्वांना ठाऊक होते. तो उघडायचा कसा, हे मात्र एकट्या आजीला ठाऊक होते. ती भाद्रपदात वारली, तेव्हा मी बी. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो.

रामपायली कोठे आहे हे येथील विद्यार्थ्यांना सांगायला हवे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनीजवळ, चंदन नदीच्या काठी हे गाव आहे. नदीकाठच्या राममंदिरामुळे आसपासच्या मुलखात ते परिचित आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. पुढे १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे आमच्यासारख्या घरांतून मराठी, बाजारात हिंदी आणि शेतावर पोवारी अशी तीन भाषांची वाटणी आपोआप झाली. सीमाभागातल्या आपल्या महाविद्यालयाला, जिथे याच अंकाची मागली पाने कन्नडमध्ये छापली जातात, ही गोष्ट नवी वाटू नये.

तर आजी गेली. तिची सोन्याची एकदाणी चोरकप्प्यात आहे असे माझे वडील म्हणत. काकांचे म्हणणे असे की, ती केव्हाच कोणीतरी काढून घेतली आहे. ‘कोणीतरी’ म्हणजे कोण हे त्यांनी सांगितले नाही. पण ज्यांना कळायचे त्यांना ते कळले. तेरावे झाले तरी पेटी उघडेना. सगळ्यांनी बोटे लावून पाहिली, दाबून पाहिले, उलटी करून ठोकून पाहिली. आतून काही वाजतही नव्हते, आणि त्यामुळे संशय अधिकच बळावला. शेवटी मी, घरातला शिकलेला मुलगा म्हणून, स्क्रूड्रायव्हर आणला. तळाच्या फटीत घातला आणि पिळला. मोठा आवाज होऊन पट्टी उभी चिरली. आत तांबड्या कापडात घट्ट गुंडाळलेली एकदाणी होती. न वाजण्याचे कारण ते कापड.

काका काही बोलले नाहीत. वडीलही बोलले नाहीत. दोघांनी एकमेकांशी बोलायचे ते पुढे पाच-सहा वर्षे बोललेच नाहीत.

फुटलेली पेटी मी ज्या वाढईकडे नेली, त्यांना गावात सगळे काकाजी म्हणत. मीही म्हणत असे. पेटी त्यांच्या वडिलांनी केलेली होती. त्यांनी चिरलेली पट्टी बोटाने चाचपली आणि म्हणाले, “पोरा, भादव्यात कोणी पेटी उघडते का? फुगली होती ते. कार्तिकापर्यंत थांबला असतास त बोटानं सरकली असती.”

पुढे मी भौतिकशास्त्र शिकवू लागलो. आर्द्रता, प्रसरण, घर्षण हे शब्द फळ्यावर शेकडो वेळा लिहिले. पण काकाजींच्या त्या एका वाक्यात किती भौतिकशास्त्र होते, हे मला कळले ते एका जपानी पेटीमुळे. या लेखाचा विषय ती पेटी आणि ती करणाऱ्या कारागिराचे रोजचे काम हा आहे.

काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त योकोहामाला गेलेल्या एका माजी विद्यार्थिनीने मला ती आणून दिली. आकाराने साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवाव्यात एवढी. सर्व बाजूंनी रंगीबेरंगी लाकडी नक्षी. झाकण नाही, बिजागरी नाही, कडी नाही, कुलूप नाही. जपानीत हिला ‘हिमित्सु-बाको’ म्हणतात. अर्थ अगदी सरळ, गुपिताची पेटी. तोक्योच्या नैर्ऋत्येला हाकोने नावाचा डोंगराळ प्रदेश आहे, तिथली ही कला. जुन्या काळी एदो (म्हणजे आजचे तोक्यो) आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा राजमार्ग हाकोनेच्या घाटातून जाई. १६१९ साली तिथे तपासणी नाके बसले. घाट चढून दमलेले वाटसरू हाताजुकु या खेड्यात थांबत, आणि थांबलेला वाटसरू काहीतरी विकत घेतो. या खेड्यात इशिकावा निहेइ (१७९० ते १८५०) या कारागिराने वेगवेगळ्या रंगांची लाकडे जोडून नक्षी करण्याची पद्धत सुरू केली असे मानले जाते. तिला ‘योसेगी’ म्हणतात. गुपिताच्या पेट्या एकोणिसाव्या शतकात तिथेच आकाराला आल्या. १९८४ साली जपान सरकारने हाकोनेच्या योसेगीला पारंपरिक हस्तकला म्हणून अधिकृत मान्यता दिली.

माझी पेटी दहा चालींची होती. चाल म्हणजे बुद्धिबळातल्यासारखीच. एक फळी एकदा सरकवणे म्हणजे एक चाल. चार, सात, दहा, एकवीस, सत्तावीस, बहात्तर अशा चालींच्या पेट्या होतात. शंभराच्या वरही गेल्या आहेत. पहिली चाल सापडायलाच मला दोन संध्याकाळी लागल्या. आखूड बाजूची फळी किंचित, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, खाली सरकली. तेवढ्याने लांब बाजूची फळी आडवी हलायला मोकळी झाली. ती हलल्यावर पलीकडची आखूड बाजू मोकळी झाली. असे करत करत शेवटी वरची फळी अख्खी सरकून बाहेर आली. बंद करताना हेच सारे उलट्या क्रमाने करायचे. एक पायरी चुकली की पुढची होत नाही.

आतली रचना समजली की वाटते, एवढेच? पेटीच्या भिंती दुहेरी असतात. आतली भिंत पक्की, बाहेरची फळी सरकती. सरकत्या फळीच्या पाठीला एक बारीक जीभ असते, ती पक्क्या भिंतीतल्या खाचेतून धावते. मध्ये लाकडाचाच एक लहानसा तुकडा अडसर म्हणून बसवलेला असतो. आधीच्या चालीने तो बाजूला झाला की पुढच्या फळीला वाट मिळते. लोखंड नाही, स्प्रिंग नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दारांना आतून लाकडी अडसर असत. तोच अडसर बोटाच्या पेराएवढा करून भिंतीच्या पोटात लपवला आहे असे समजावे.

युक्ती कागदावर काढून दाखवायला पंधरा मिनिटे पुरतात. मी ती वर्गात काढून दाखवलीही आहे. कारागिराचा दिवस युक्तीत जात नाही. तो जातो लाकूड वाळवण्यात, रंधण्यात आणि पुन्हा रंधण्यात.

हाकोनेच्या कारागिराच्या कार्यशाळेत निरनिराळ्या झाडांच्या फळ्या रचून ठेवलेल्या असतात आणि त्या नुसत्या हवेवर महिनोन्‌महिने, काही वर्षानुवर्षे, वाळत राहतात. रंग देण्याची पद्धत नाही, रंग लाकडाचाच. पांढऱ्यासाठी मिझुकी, पिवळ्यासाठी निगाकी, हिरवट करड्यासाठी होओ, आणि काळपट छटेसाठी शतकानुशतके जमिनीत गाडले गेलेले कात्सुरा. या लाकडांच्या बारीक पट्ट्या ठरावीक कोनात कापायच्या. कोन किंचित चुकला तर सहा पट्ट्यांचा षट्‌कोन मिटत नाही, मध्ये फट राहते. पट्ट्यांना सरस लावून त्या एकत्र धरायच्या आणि वरून दोरी गच्च गुंडाळायची. सुकले की दोरी सोडायची, पुन्हा कापायचे, पुन्हा जोडायचे. असे करत नक्षीचा एक ठोकळा तयार होतो. ठोकळ्याच्या ज्या तोंडावर नक्षी दिसते तीच नक्षी त्याच्या आरपार असते. आपल्याकडच्या अळूवडीचा उंडा कुठेही कापला तरी तीच वेटोळी दिसावीत तशी.

यानंतरचे काम पाहण्यासारखे आहे. मी ते चित्रफितीवर पुन्हा पुन्हा पाहिले आहे. कारागीर रुंद पात्याचा रंधा घेऊन त्या ठोकळ्यावरून एक सलग पापुद्रा काढतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. पापुद्रा निघताच गुंडाळी होतो. त्यावर इस्त्री फिरवून तो सपाट करतात आणि मग पेटीच्या फळीवर चिकटवतात. एका ठोकळ्यातून असे कितीतरी पापुद्रे निघतात. जपानी सुतार रंधा स्वतःकडे ओढतो, आपला सुतार पुढे ढकलतो. करवतीचेही तसेच, त्यांची ओढताना कापते, आपली ढकलताना. काकाजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी आपला रंधा उलटा धरून ओढून पाहिला आणि हसत खाली ठेवला.

नक्षी केवळ शोभेची नसते. साध्या पांढऱ्या पेटीवर फळ्यांच्या कडा केसासारख्या रेघांनी दिसतात आणि हुशार माणूस त्या रेघांवरून चाली ओळखतो. नक्षीच्या शेकडो रेघांत त्या चार रेघा हरवतात. आमच्या आजीच्या पेटीवर नक्षी नव्हती. तिचा चोरकप्पा खणांच्या पट्ट्यांनी झाकला होता.

आता भौतिकशास्त्र. लाकडाच्या पेशी खोडाच्या दिशेने उभ्या नळ्यांसारख्या असतात. या पेशींच्या भित्तिका हवेतले पाणी घेतात आणि सोडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी होईपर्यंत ते भित्तिकांत मुरते; पाणी त्याखाली उतरू लागले की लाकूड आकसते, चढू लागले की फुगते. पण हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ नसतेच. ओल्या ओंडक्यापासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. सागवान हे या बाबतीत गुणी लाकूड. इतर पुष्कळ लाकडे याहून अधिक हलतात.

समजा, मे महिन्यात पेटीच्या लाकडात ८ टक्के पाणी आहे आणि भाद्रपदात ते १६ टक्के झाले. वलयांच्या दिशेने कापलेली १० सेंटिमीटर रुंदीची फळी या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर रुंद होते. गाभ्याकडून सालीकडे कापलेली फळी पाऊण मिलिमीटरहून कमी. सरकत्या फळीला खाचेत जी मोकळीक ठेवतात ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते, कारण अधिक ठेवली तर फळी खुळखुळते आणि गुपित बाहेर पडते. म्हणजे भाद्रपदात आजीची पेटी उघडणे शक्यच नव्हते. काकांना नाही, वडिलांना नाही. बहुधा आजीलाही नसावे. ती दिवाळीनंतरच तळाचा कप्पा उघडत असे, असे आईने मला पुष्कळ नंतर सांगितले. आम्ही समजत होतो की तिला सणासुदीलाच दागिन्याची आठवण होते.

हाकोनेचा प्रदेशही काही कोरडा नव्हे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; आपल्या आंबोली घाटाखालच्या कोकणाची आठवण व्हावी असा. अशा हवेत सहा बाजूंनी सरकणारी पेटी करायची तर लाकूड दीर्घकाळ वाळवणे, फळी ओंडक्यातून कोणत्या दिशेने कापायची ते ठरवणे, आणि सरकत्या कडा हाताने लावून, काढून, पुन्हा एक हात रंधा मारून जुळवणे, याला पर्याय नाही. कारागीर फळी खाचेत घालतो, सरकवतो, कानाने ऐकतो, बाहेर काढतो, एक पापुद्रा काढतो, पुन्हा घालतो. एका पेटीला अशा किती तरी जागा. दिवस त्यातच जातो. विकत घेणारा मात्र चालींची संख्या विचारतो.

कन्नड विभागातले माझे मित्र येथे चन्नपट्टणचे नाव काढतील, आणि ते योग्यच आहे. तिथली खेळणी हाले नावाच्या पांढऱ्या लाकडाची असतात. आपण मराठीत त्याला काळा कुडा म्हणतो. तिथल्या बावस मियाँ यांनी जपानी पद्धती आणून धंद्याला वळण दिले असे सांगतात. आपल्याला जवळची सावंतवाडीची चितार आळीही आहे. पण कातकामाच्या खेळण्यांना आणि रंगवलेल्या फळांना पावसाची एवढी भीती नसते. लाखेच्या रंगातला भोवरा अर्धा मिलिमीटर फुगला तरी फिरतोच. दोन लाकडे एकमेकांत सरकवायची ठरवलीत की मग हवामान तुमच्या कामात भागीदार होते. आपल्याकडे असे काम चोरकप्प्यांच्या पेट्यांत झाले, मुनीमजींच्या उतरत्या मेजपेट्यांत झाले. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे पाहायला गर्दी असते. तिथे गेलात तर जुन्या पेट्यांपुढेही जरा थांबा.

एका उन्हाळ्याच्या सुटीत मी हाकोनेची पेटी घेऊन रामपायलीला गेलो. काकाजी आता थकले आहेत, काम मुलगा पाहतो. पण पेटी हातात येताच त्यांनी चष्मा मागवला. दहापैकी सहा चाली त्यांनी मी न सांगता काढल्या. डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने. मग म्हणाले, “हे आपल्याले जमते गुरुजी. चार चालीची करू.”

आम्ही दोघांनी, म्हणजे त्यांनी केली आणि मी लोंबकळलो, चार चालींची पेटी केली. लाकूड सागाचे. वरून नक्षीसाठी काय वापरावे हा प्रश्न मी विचारला, तर त्यांनी कोपऱ्यातले तुकडे काढून समोर मांडले. पिवळे हळदू, ज्याला महाराष्ट्रात हेद म्हणतात, तांबूस तपकिरी बिजा, म्हणजे बिबळा, फिकट शिवण, आणि काळे कुळकुळीत तेंदूच्या गाभ्याचे लाकूड. बालाघाटच्या जंगलात तेंदू म्हणजे विडीची पाने एवढेच मला ठाऊक होते. तेंदू हा आबनुसाच्याच कुळातला आणि जून झाडाचा गाभा असा काळा असतो, हे मी त्या दिवशी पाहिले. हाकोनेच्या कारागिराला काळ्या रंगासाठी जमिनीत गाडलेले झाड शोधावे लागते. आमच्याकडे ते सरपणात जाते.

मापाचीही एक गंमत. काकाजी सुताने मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. जपानी कारागीर ‘सुन’ आणि ‘बू’ या मापांत काम करतो. पेटीचा आकारही चार सुन, पाच सुन असाच सांगतात. सुन म्हणजे ३.०३ सेंटिमीटर आणि बू त्याचा दहावा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडे अधिक. एक बू आणि एक सूत यांत केसाचाच फरक. पेटीतली पहिली चाल जवळपास एका बूची होती. काकाजींनी ती न मोजता “एक सूत” म्हणून सांगितली होती.

पापुद्रा मात्र आम्हाला जमला नाही. आमचे पापुद्रे फाटले. शेवटी जाडसर पट्ट्याच चिकटवल्या, आणि नक्षी षट्‌कोनाची न होता चौकटीची झाली. चाली मात्र चारही बिनचूक. नऊ दिवस लागले. त्यातले साडेसहा दिवस चार फळ्यांच्या कडा जुळवण्यात गेले, हे मी वहीत लिहून ठेवले आहे.

ती पेटी घेऊन मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे परतलो. प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली आणि विद्यार्थ्यांना मोठ्या ऐटीत उघडून दाखवायला गेलो, तर पहिलीच फळी हलेना. बालाघाटच्या मे महिन्यातल्या करकरीत कोरड्या हवेत जुळवलेली पेटी. बाहेर आपल्याकडचा पाऊस. एक विद्यार्थी म्हणाला, “सर, स्क्रूड्रायव्हर आणू का?”

मी काकाजींच्या मुलाला फोन केला. मागून काकाजींचाच आवाज आला. आपले चुकले, मे महिन्यात जुळवायला नको होती, असे म्हणाले. दसऱ्यानंतर दुसरी करून पाठवतो. दुसरी त्यांनी ऑक्टोबरात जुळवली, जेव्हा लाकडात पाणी फार नसते आणि फार कमीही नसते. ती श्रावणात जड चालते, उन्हाळ्यात थोडी सैल होते, पण वर्षभर उघडते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या कपाटात दोन्ही पेट्या आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी मधल्या सुटीत यावे. पहिली पावसाळ्यात ओढू नये.

आजीची पेटी रामपायलीलाच आहे. फुटलेल्या पट्टीच्या जागी काकाजींनी जुन्या दाराच्या चौकटीतला सागवान बसवला. नवा सागवान हलत राहील म्हणाले. कार्तिकात मी घरी होतो तेव्हा काका आले होते. आईने त्यांच्यापुढे पेटी ठेवली. त्यांनी खालची पट्टी अंगठ्याने दाबून डावीकडे नेली, आणि ती गेली. त्यांनी ती पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली, आणि वडिलांना विचारले, चहा टाकायला सांगितला का म्हणून. बसवलेल्या पट्टीचा रंग अजून जरा वेगळा दिसतो.